आमची वाटचाल : रजिस्टरं, वेढा आणि एक खरेदीखत

बांधणीचा हा कारखाना मी आणि माझ्या धाकट्या भावाने सुरू केला. जाड रजिस्टरं, हिशेबाच्या वह्या, हजेरीपत्रकं. पहिली बारा-तेरा वर्षं चांगली गेली. काम येत होतं आणि देवाचे आभार मानणं सोपं होतं.

मग आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने नोंदी संगणकावर नेल्या. ऑर्डर तोंडी होती, कागद उधारीवर उचललेला, निम्मे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवून झालेले. एका फोनवर सगळं थांबलं. ऑर्डर लेखी घेतली नाही, ही चूक आमचीच.

कागदवाल्याचे पैसे द्यायला कटिंग मशीन विकलं. नेणाऱ्यांनी आधी पातं उतरवलं, गोणपाटात गुंडाळलं, मग मशीन हलवलं. फरशीवर बोल्टांची चार भोकं आणि तेलाचा काळा चौकोन उरला. अकरा कारागिरांपैकी आठ जणांना दुसरीकडे काम बघायला सांगावं लागलं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. भाऊच बोलला.

‘देवावर भरवसा ठेवा, सगळं परत मिळेल,’ असं लोक मायेने म्हणायचे. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. देव सार्वभौम आहे म्हणजे आमचं मशीन परत येईल, असं कुठे आहे? मला धीर आला तो बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 32 व्या अध्यायाने, आणि तोही जमिनीच्या एका व्यवहाराने.

बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम नगराला वेढा घातलेला. नगर पडणार असं सांगितलं म्हणून यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशा वेळी देव त्याला चुलतभावाचं अनाथोथ गावातलं शेत विकत घ्यायला सांगतो. तो 17 शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखतावर मोहोर लावतो. मोहोरबंद आणि उघडी, दोन्ही खतं मातीच्या भांड्यात ठेवायला आपला लेखनिक बारूख याला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. धंदा करणाऱ्या माणसाला हे वाचताना अंगावर काटा येतो.

माझं मन अडकलं ते पुढच्या भागात. व्यवहार पुरा झाल्यावर मग तो प्रार्थनेत बोलतो : नगर शत्रूच्या हाती चाललंय, आणि तू मला शेत घ्यायला सांगितलंस! म्हणजे कोडं सुटायच्या आधीच त्याने सही केली होती. देव म्हणाला, या देशात पुन्हा शेतं विकत घेतली जातील. पण वेढा काही उठला नाही. पुढच्या वर्षी नगर पडलं. यिर्मयाला लोकांनी मिसरात (इजिप्तमध्ये) नेलं. त्या शेतात त्याने कधी नांगर घातला, असं कुठेही लिहिलेलं नाही.

आमच्याकडे अर्धवट फर्म्यांच्या थप्प्या होत्या. रद्दीत घालू, असं भाऊ म्हणाला, आणि हिशेबाने ते बरोबरच होतं. तरी आम्ही दोघांनी आणि उरलेल्या तिघांनी ते सगळे शिवले, पुठ्ठे चढवले, खळ नीट वाळू दिली. गिऱ्हाईक नसलेल्या मालाचा एकही टाका सैल सोडला नाही. त्या रात्रींत मी देवाशी भांडलोही, पण सुई हातात ठेवून.

त्यातली बरीच रजिस्टरं अजून मांडणीवर आहेत. आता आम्ही जुन्या पुस्तकांची दुरुस्ती करतो, सावकाश, हाताने. मशीन विकून कागदवाल्याचे निम्मेच पैसे फिटले होते. बाकीचा हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेला जातो, पावती मी पत्र्याच्या डब्यात ठेवतो. अजून सात हप्ते आहेत.