आमची वाटचाल: वेबसाइट चढवली तो महिना

आम्ही वजनकाटे दुरुस्त करतो. दुकानातले, गोडाऊनमधले, लॅबमधले नाजूक, सगळे. मी आणि माझा पार्टनर असे दोघंच होतो, आता पाच जण आहोत. सुरुवातीची बरीच वर्षं कामं ओळखीतूनच आली, त्यावर लिहिण्यासारखं फार काही नाही, काटा नीट चालला की गिऱ्हाईक चार जणांना सांगतं, एवढंच. पण मग नवीन लोक फोनवर विचारायला लागले की तुमची वेबसाइट काय, आणि आम्ही 'काम चालू आहे' असं दोन वर्षं ठोकून देत होतो.

शेवटी मीच बसलो. पानं बनवायला आठवडा लागला आणि ती लोकांना दिसायला जवळजवळ महिना! आमच्या वाटचालीत हा महिना मी मुद्दाम घालतोय कारण त्यात मी जेवढं शिकलो तेवढं एखादा नवीन काटा उघडूनही शिकलो नसेन.

होस्टिंग घेतलं, म्हणजे साइट ठेवायला दुसऱ्याच्या सर्व्हरवर भाड्याची जागा, पैसे भरले, तिथे फाइली पाठवायचा एफटीपीचा प्रोग्राम टाकला आणि लॉगिन केलं तर ५३०, पासवर्ड चुकीचा. दहा वेळा तोच पासवर्ड टाकला. मी टाकत होतो बिल भरायच्या अकाउंटचा, आणि एफटीपीचा युजर आणि पासवर्ड वेगळा असतो, तो पहिल्याच दिवशी आलेल्या स्वागताच्या मेलमध्ये खाली बारीक अक्षरात होता. ती मेल मी वाचलीच नव्हती, कोण वाचतं. मग लॉगिन झालं तर फोल्डरची यादीच येईना, नुसतं गोल फिरतंय, तिथे सेटिंगमध्ये पॅसिव्ह मोड केल्यावर आली.

आता फाइली चढवल्या. माझ्या कॉम्प्युटरवर 'वेबसाइट फायनल नवीन' नावाचं फोल्डर होतं, ते उचललं आणि अख्खंच्या अख्खं पब्लिक एचटीएमएल नावाच्या फोल्डरमध्ये टाकलं. साइट उघडली तर होस्टिंगवाल्यांचंच पान, 'लवकरच येत आहे'. म्हटलं वेळ लागत असेल. रात्रभर थांबलो. सकाळी तेच. मग ते त्यांचं पान डिलीट केलं तर थेट ४०३, परवानगी नाही! पार्टनर म्हणाला, अरे होतं तेही घालवलंस.

खरं तर आम्ही एक पाऊल पुढे आलो होतो पण ते कळायला अक्कल नव्हती. सर्व्हर त्या फोल्डरमध्ये इंडेक्स नावाची फाइल, म्हणजे साइटचं पहिलं पान, शोधतो, ती नसेल तर आतली यादी कोणाला दाखवायची नाही म्हणून तो ४०३ देतो. माझी इंडेक्स एक मजला खाली होती, 'वेबसाइट फायनल नवीन'च्या आत. आणि ती वर आणली तरी चालेना, कारण मी नाव देताना पहिलं अक्षर कॅपिटल ठेवलं होतं. विंडोजला लहान-मोठ्या अक्षराचं काही पडलेलं नसतं, पण सर्व्हर लिनक्सचा, त्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या फाइली. फोटोंचंही तेच, कॅमेऱ्याने शेवटचं जेपीजी कॅपिटलमध्ये दिलेलं आणि मी पानात लिहिलेलं लहानमध्ये. सगळीकडे ४०४, म्हणजे फाइल सापडली नाही. एका फोटोचा पत्ता तर चक्क माझ्या सी ड्राइव्हचा होता, डेस्कटॉपवरून पान उघडलं की मस्त दिसायचा, बाहेर कुठेच नाही.

या सगळ्यात मी होस्टिंगच्या सपोर्टला काय लिहीत होतो? 'साइट चालत नाही.' बस. तिकडून उत्तर, 'सर, कॅशे क्लिअर करून बघा.' कॅशे म्हणजे ब्राउझरने जपून ठेवलेली जुनी पानं. मी क्लिअर करायचो, परत लिहायचो, चालत नाही, परत तेच उत्तर. चिडून एकदा बरंच काही लिहिणार होतो, तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला, 'काटा चालत नाही', आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, चालत नाही म्हणजे नेमकं काय होतं? डिस्प्ले लागतो का? रिकामा असताना शून्य दाखवतो का? माहीत असलेलं वजन ठेवलं तर किती दाखवतो?

फोन ठेवला आणि स्वतःवरच हसलो. आम्ही कुठलाही काटा आधी खोलत नाही, आधी प्रमाणित वजन ठेवतो. मग इथे वजन कुठंय? म्हणून एक साधी फाइल बनवली, नाव 'काटा', सगळं लहान अक्षरात, आत फक्त एक ओळ, ०.००१ किलो. ना फोटो ना डिझाइन. ती चढवली आणि उघडली. दिसली! म्हणजे पत्ता बरोबर सर्व्हरवर जातोय, फोल्डर बरोबर आहे, घोळ माझ्या पानांमध्येच आहे. दर वेळी काही बदल केला की त्या फाइलमधला आकडा एकाने वाढवून चढवायचो, ०.००२, ०.००३, म्हणजे ब्राउझर जुनंच पान दाखवतोय की नवीन ते लगेच कळायचं. जुना आकडा दिसला तर कंट्रोल आणि एफ५ दाबून पान नव्याने आणायचं, उगाच सपोर्टला त्रास नाही. आणि एका वेळी एकच बदल. आधी मी पाच गोष्टी एकदम बदलायचो आणि चाललं तरी का चाललं ते कळायचं नाही.

मोठा फटका मात्र नंतर बसला. तोपर्यंत साइट होस्टिंगने दिलेल्या तात्पुरत्या पत्त्यावर होती आणि आमचं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, दुसरीकडून घेतलेलं, म्हणून मी नेमसर्व्हर, म्हणजे ते नाव कुठे न्यायचं हे सांगणारे सर्व्हर, बदलले. आता पार्टनरच्या मोबाइलवर नवीन साइट आणि ऑफिसच्या वायफायवर जुनंच रिकामं पान, दोघं एकमेकांना स्क्रीन दाखवून भांडतोय. नाव कुठे जातं याचं, म्हणजे डीएनएसचं, उत्तर वाटेतले सर्व्हर जपून ठेवतात, किती वेळ ते टीटीएल नावाच्या आकड्यात असतं, तिथे ८६४०० लिहिलेलं असेल तर तेवढे सेकंद, म्हणजे पूर्ण २४ तास, त्यामुळे प्रत्येकाला आपापल्या वेळेने दिसतं. हे ठीक. पण दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की कालपासून एकही मेल आलेली नाही. आमची मेल तिसऱ्याच ठिकाणी होती आणि तिचा पत्ता सांगणारे एमएक्स रेकॉर्ड जुन्या नेमसर्व्हरवर राहिले, नवीनवर मी ते भरलेच नव्हते. दोन कोटेशनच्या मेल तेव्हा परत गेल्या, त्यातलं एक काम हातचं गेलं ते गेलंच. यात होस्टिंगवाल्यांची चूक नाही, पण नेमसर्व्हर बदलायच्या आधी जुन्या सगळ्या रेकॉर्डचा फोटो काढून ठेवा, एवढं एक वाक्य कोणी ठळक अक्षरात का लिहीत नाही हे मला अजून समजलेलं नाही.

एसएसएल, म्हणजे साइटशी जोडणी सुरक्षित करणारं सर्टिफिकेट, पण त्यानंतरच मिळालं. आधी मी चार वेळा बटण दाबलं होतं आणि चारही वेळा लाल एरर, कारण डोमेन त्या सर्व्हरवर पोचलेलं नसताना सर्टिफिकेट देणारा तपासणार कुठे. पोचल्यावर पाचव्या वेळी दोन मिनिटांत झालं.

आता सपोर्टला लिहायचं झालं तर मी पानाचा पूर्ण पत्ता, एररचा नंबर, किती वाजता आला, आणि टेस्ट फाइल उघडते की नाही, एवढं पहिल्याच मेसेजमध्ये टाकतो. कॅशे क्लिअर करा असं परत कोणी सांगितलेलं नाही.

साइटवरून कामं येतात, थोडी पण येतात. ती 'काटा' फाइल काढायची राहूनच गेली, शेवटचा आकडा ०.०४७ वर थांबलेला. मध्यंतरी एका लॅबवाल्या मॅडमना घाईत चुकून तिचीच लिंक पाठवली. त्यांचा फोन आला, 'अहो, तुमच्या पानावरचा काटा रिकामा असून ०.०४७ दाखवतोय, आधी तो दुरुस्त करा.'