तुझं काम कुठंय?

"मावशी, यात कंपनीचं नाव चार वेळा आलंय. तुझं काम कुठंय?"

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या घरी माझा बायोडेटा वाचून भाची एवढंच म्हणाली आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात 19 वर्षं हिशेब बघतेय. पाऊण पान भरलं होतं, पण त्यात मी नव्हतेच.

"एक्साइज गेलं तेव्हा काय केलंस?"

1 जुलै 2017. एक्साइज कर जाऊन जीएसटी आला आणि आमची रजिस्टरं एका रात्रीत रद्दी झाली. शिकवणारं कुणी नव्हतं. रोज जेवणं आटोपली की ओट्याशी उभी राहून मी इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, समजून घ्यायचे. पुढे खात्यातल्या तिघांना मीच शिकवलं. हे लिहायचं असतं, असं मला वाटलंच नव्हतं.

आता बिल वाचून स्वतःच नोंद करणारं सॉफ्टवेअर येतंय. आणि मी? कंपनी सांगेल तेव्हा शिकू, म्हणून थांबले होते.

संध्याकाळी कलाभवनावरून आले. हाताला हुन्नर मिळावा म्हणून सयाजीरावांनी 1890 मध्ये सुरू केलेलं. दादासाहेब फाळके इथलेच विद्यार्थी. मग गोध्र्याला फोटोग्राफी, लोणावळ्याला छापखाना आणि 1913 मध्ये चित्रपट. तेव्हा ते 43 वर्षांचे होते. मी 44 ची आहे.

बायोडेटा पुन्हा उघडलाय. पहिली ओळ 2017 ची.

तुमच्या बायोडेटात काय लिहायचं राहिलंय?