दुसऱ्यांदा हात ठेवला तेव्हा

लहानपणी शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, बायबलमधली वचनं पाठ म्हणण्याचं बक्षीस दरवर्षी माझंच असायचं. तेविसावं स्तोत्र, एकशेएकविसावं, डोंगरावरचं प्रवचन, प्रीतीचा अध्याय, सगळं घडाघडा. आमचं घराणं नगर जिल्ह्यातलं, पणजोबांपासून ख्रिस्ती. रात्री जेवणं झाली की वडील पवित्र शास्त्र उघडायचे, आई उपासना संगीतातलं एखादं गीत धरायची, आणि प्रार्थना झाल्याशिवाय कोणी अंथरुणावर जायचं नाही. आपल्याला आपला विश्वास कळतो, असं मी चाळिशी ओलांडेपर्यंत धरूनच चालले होते.

चार वर्षांपूर्वी मी स्वतः शब्बाथशाळेत शिकवत होते. धडा बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानातल्या आठव्या अध्यायातला होता, बेथसैदाच्या आंधळ्याचा. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, डोळ्यांना थुंकी लावतो, हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतंय का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण झाडांसारखी, चालणारी. मग येशू पुन्हा डोळ्यांवर हात ठेवतो आणि त्याला सगळं स्पष्ट दिसू लागतं. नऊ वर्षांच्या एका मुलानं हात वर केला. "टीचर, येशूला दोनदा हात का ठेवावा लागला? एकदम का नाही बरं केलं?"

"त्याचा विश्वास कमी असेल," मी म्हटलं आणि पुढे गेले.

घरी येऊन तो भाग पुन्हा वाचला. त्या माणसाच्या विश्वासाबद्दल तिथे एक शब्दही नाही. मी एका लेकराला देवाच्या नावानं मनचं काहीतरी सांगून मोकळी झाले होते, याची मला फार लाज वाटली. इतकी वर्षं मी वचनं पाठ केली होती, पण त्यांच्यासमोर बसून कधी विचारलं नव्हतं की, हे असं का?

आमच्या चर्चच्या मंडळीत एक निवृत्त बायबलबाई आहेत. ऐंशीच्या पुढे वय. उमेदीची वर्षं त्यांनी खेडोपाडी, घरोघरी जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवण्यात घालवली. त्यांच्याकडे गेले. वाटलं होतं, त्या अर्थ सांगतील. त्या म्हणाल्या, "अर्थ मागू नकोस गं. आधी सगळा मार्क एका बैठकीत वाच. मोठ्यानं वाच, जशी मी बायकांना वाचून दाखवायचे."

येशूचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं चार, त्यांत मार्ककृत शुभवर्तमान सगळ्यात लहान, सोळाच अध्याय. एका शनिवारी दुपारी दार लावून घेतलं आणि वाचलं. दोन तास लागले. जन्मभर ते तुकड्यातुकड्यांनी ऐकलेलं, एका रविवारी वादळ शमवलेलं, दुसऱ्या रविवारी पाच भाकरी. सलग वाचताना पहिल्यांदा दिसलं की या गोष्टी एकमेकींना धरून आहेत. आंधळ्याच्या आधी होडीतला प्रसंग आहे. शिष्य भाकरीची काळजी करतायत आणि येशू म्हणतो, डोळे असून तुम्हाला दिसत नाही काय? नंतर फिलिप्पाच्या कैसरियाजवळ त्याचा शिष्य पेत्र म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. बरोबर उत्तर. पण येशू स्वतःच्या दुःखसहनाबद्दल, मरणाबद्दल बोलू लागतो तेव्हा तोच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो, आणि येशू त्याला सैतान म्हणतो. पेत्राला दिसत होतं, पण झाडांसारखं.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "आता रोज थोडंच वाच. आठवडाभर तोच भाग. आणि एका वहीत लिही, आज काय कळलं नाही ते."

न कळलेलं लिहायचं, हे मला नवीन होतं. पहिल्याच आठवड्यात अडले ती 'पश्चात्ताप करा' इथे. हा शब्द मी हजारदा ऐकलाय. माझ्यासाठी त्याचा अर्थ होता वाईट वाटून घेणं, डोळ्यांत पाणी आणणं. आपल्या मराठी शब्दात ताप आहे ना, नंतर होणारा ताप. पाळकसाहेबांनी समजावलं की मूळ ग्रीक शब्द आहे मेटानोइया, म्हणजे मन बदलणं. आणि जुन्या करारात संदेष्टे जो हिब्रू शब्द वापरतात, शूव, त्याचा साधा अर्थ आहे परत फिरणं. वाट चुकलेला माणूस जसा मागे फिरतो, तसं. मी बरीच वर्षं रडत होते, फिरले मात्र नव्हते. कुठून फिरायचं, तेही मला ठाऊक होतं.

मध्ये चार-पाच महिने काहीच हाललं नाही. वाचायचे, वहीत लिहायचे, आणि कोरडीच उठायचे. सोडून द्यावंसं वाटलं. तेव्हा बाईंनी पंडिता रमाबाईंचं सांगितलं. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पण पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिलं की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. त्याला आणखी काही वर्षं जावी लागली. एवढी विदुषी, आणि हे कबूल करायला कचरली नाही. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीकवरून तिनं अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बायांना कळावं म्हणून. 1922 मध्ये ती गेली आणि 1924 मध्ये ते छापून झालं. "तिला वेळ लागला," बाई म्हणाल्या, "तू पाच महिन्यांत थकलीस होय?"

मग मार्काचा दहावा अध्याय आला. याकोब आणि योहान हे दोन शिष्य येशूपाशी येऊन मागणं मागतात. तो विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं? ते म्हणतात, तुझ्या वैभवात आम्हाला उजवीकडे-डावीकडे बसू दे. तिसऱ्यांदा त्यानं आपल्या मरणाबद्दल सांगून झालंय, आणि यांना जागा हव्यात.

वही उघडली, पण काही लिहिता येईना. कारण मलाही जागाच हवी होती. वडील गेल्यावर गावच्या जुन्या घराच्या वाटणीवरून माझं आणि दादाचं बिनसलं होतं. सहा वर्षं आम्ही बोललो नव्हतो. वडिलांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या प्रार्थनासभेत, पाहुण्यांसमोर मी त्याला लागेल असं बोलले होते, आणि तरीही दर महिन्याला प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून मंडळीत देतात ती भाकर आणि द्राक्षरस, घेत होते. देवाला अर्पण आणलं असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचन मी दहाव्या वर्षी पाठ म्हणून दाखवलं होतं.

मार्चच्या शेवटी, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मी एसटीनं गावी गेले. दादा वावरात होता. कांद्याची काढणी झाली होती, पात कापून ढीग लावलेले. कांदाचाळीत साठवायच्या आधी निवड चालली होती, बारीक कांदा म्हणजे गोल्टी वेगळी, डेंगळे म्हणजे फुलांचे दांडे आलेले वेगळे, चांगला माल एका अंगाला. त्यानं मला पाहिलं आणि पुन्हा खाली बघितलं. वहिनींनी तांब्या पुढे केला. मी पाणी प्यायले आणि दादाच्या समोर बसून निवडू लागले. हात विसरले नव्हते. तासभर फक्त कांद्यावर कांदा पडल्याचा आवाज. शेवटी म्हटलं, "दादा, मी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं. घराचं काय व्हायचं ते होऊ दे, पण ते माझं चुकलं."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग माझ्या ढिगातली एक गोल्टी उचलून दुसरीकडे टाकत म्हणाला, "ही इकडं. जेवल्याशिवाय जाऊ नकोस."

घराचा प्रश्न आजही पूर्ण सुटलेला नाही, हे खरं सांगायला हवं. पण परतीच्या गाडीत, डब्यात बांधून दिलेली भाकरी मांडीवर ठेवून मी दहाव्या अध्यायाचा शेवट वाचला. यरीहोच्या वाटेवर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी बसलाय. येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? हाच प्रश्न त्यानं थोड्याच वेळापूर्वी याकोब-योहानाला विचारला होता! त्यांनी जागा मागितली, यानं दृष्टी मागितली. आणि दिसू लागताच तो त्याच्या मागे वाटेनं चालू लागला. म्हणजे बेथसैदाच्या आंधळ्यापासून या आंधळ्यापर्यंत मार्क आपल्याला शिष्यांचे डोळेच दाखवत होता, हळूहळू उघडणारे. इतक्या महिन्यांच्या वाचनात मला हे दिसलं नव्हतं. जो देवाची इच्छा पाळायला तयार आहे त्याला शिकवण कळेल, असं येशू योहानाच्या शुभवर्तमानातल्या सातव्या अध्यायात म्हणतो. त्याचा अर्थ मला त्या एसटीत कळला, हाताला कांद्याचा वास असताना.

पुढच्या रविवारी त्या मुलाला वर्गाबाहेर बोलावलं. आता तो चांगला उंच झालाय. म्हटलं, "मागे तू विचारलं होतंस ना, येशूनं दोनदा हात का ठेवला? मी तुला चुकीचं सांगितलं होतं." त्याला प्रश्न आठवत नव्हता. मग आम्ही दोघं पायरीवर बसलो, आणि मी आठवा अध्याय उघडून त्याच्या हातात दिला.