तुम्ही विचारलंत म्हणून: अर्धा तास कशाला बसता?

“मीटर लावून बॅटरी चांगली की गेली ते दोन मिनिटांत सांगा की हो, अर्धा तास कशाला बसता?” मी सांगलीत इन्व्हर्टर-जनरेटरची कामं करतो. विश्रामबागेत हेच, माधवनगरात हेच, कुपवाडच्या एमआयडीसीत तर गेटवरचा वॉचमनही विचारतो. मेन स्विच पाडायचा, लोडचा, म्हणजे बॅटरीवर भार टाकणाऱ्या बल्बांचा, बोर्ड जोडायचा आणि स्टूल ओढून इन्व्हर्टरसमोर बसायचं, एवढंच माझं काम दिसतं. दहाव्या मिनिटाला घरातलं कोणीतरी डोकावतंच. सिरियल बुडालेली असते. मग दुसरा प्रश्न, जरा हसत: “नवीन बॅटरी खपवायचीय काय?”

इतकी वर्षं मी “सवय आहे” म्हणून वेळ मारून नेली. आज सांगतो.

खपवायची असती तर बसलो कशाला असतो? “गेली ही” म्हणायला अर्धं मिनिट पुरतं, आणि आतलं कोणाला कळतंय? उलट दुसऱ्या कोणी मोडीत काढलेल्या कितीतरी बॅटऱ्या मी त्या स्टुलावर बसून वाचवल्यात. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढलेला असतो, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी, घासायचं, कोरडं करायचं, व्हॅसलीन लावायचं, संपलं. एका घरात तर बॅटरीत बोअरचं पाणी घालत होते. सांगलीचं बोअरचं पाणी! चहाच्या भांड्याला जे करतं ते प्लेटांना करणार नाही होय?

मीटरचं म्हणाल तर, व्होल्टेज म्हणजे टाकीतल्या पाण्याची उंची. तळाशी हातभर गाळ बसला असला तरी वरून पाणी काठोकाठच दिसतं. नळ सोडल्यावर कळतं किती होतं ते. बॅटरीवर दीडशे एएच (अँपिअर-अवर, म्हणजे किती साठा मावतो ते) लिहिलेलं असतं ते वीस तासांच्या हिशेबानं, म्हणजे साडेसात अँपिअरनं हळूहळू काढली तर. चारशे वॅट टाकले की पस्तीस-चाळीस अँपिअर ओढले जातात, तिथं नवी बॅटरीसुद्धा लेबलाला जागत नाही. माझ्या बोर्डावर शंभर वॅटचे चार पिवळे बल्ब आहेत. हल्ली सहजी मिळत नाहीत, म्हणून फडक्यात गुंडाळून नेतो. चांगली बॅटरी चारही बल्ब घेऊन बारा व्होल्टच्या आसपास टिकून राहते. सहातला एक सेल थकलेला असला की सुरुवातीला काही कळत नाही, मग आठव्या-दहाव्या मिनिटाला काटा घसरगुंडीवर बसल्यासारखा साडेदहाला येतो आणि इन्व्हर्टर ओरडायला लागतो. त्या आठव्या मिनिटासाठी बसायचं असतं.

हे सगळं मला २०१७ मध्येही येत होतं. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातंय.

तात्या म्हणजे माझे एक गिऱ्हाईक, साखर कारखान्यात फिटर होते. फुफ्फुसं आकसत चाललेली, दिवसातले सोळा-सतरा तास ऑक्सिजनच्या मशीनवर. पाच लिटरचं मशीन, साडेतीनशे वॅटच्या आसपास खाणारं. मार्चमध्ये मी सर्व्हिसिंगला गेलो. पाणी घातलं, टर्मिनल पुसले, मीटर लावला: तेरा पॉइंट एक. नुकतंच चार्जिंग काढलेलं, तेरा दाखवणारच. तिकडं कुपवाडात एका वर्कशॉपचा जनरेटर बंद पडला होता, तीनदा फोन येऊन गेलेला. मी पिशवी आवरत होतो तेव्हा कॉटवरून तात्यांनी विचारलं, “लोड टाकून बघितलास काय रं?”

मी म्हणालो, “हो तात्या. वर्षभर बघायला नको.”

लोड टाकला नव्हता.

मे महिन्यात वळीव आला. झाड तारांवर पडलं आणि रात्री नऊच्या सुमाराला त्या भागाची लाईट गेली. बॅटरी अकरा मिनिटं चालली. हे अकरा मिनिटं मला त्यांच्या मुलानं सांगितलं, तो घड्याळ बघत होता. मशीन घेतलं म्हणून सिलिंडर परत करून टाकलेला. अॅम्ब्युलन्स मिरजेहून निघाली होती, पण रस्त्यात फांद्या. अंगणात पत्र्याच्या शेडात भारनियमनाच्या काळातला पाच केव्हीएचा डिझेल जनरेटर होता. नऊ महिने त्याला कोणी हात लावला नव्हता.

मी भिजत पोचलो तर सेल्फची बॅटरी मेलेली. हँडल सापडेना, शेवटी ते कुंड्यांच्या मागं निघालं. मुलगा म्हणाला, पाऊस आहे, जनरेटर पोर्चमध्ये ओढून घेऊ. मी ओरडलोच त्याच्यावर. पोर्चला लागून तात्यांची खोली, सगळा धूर आत गेला असता. त्या रात्री एवढं एक माझ्या हातून बरोबर झालं. टाकीच्या तळाला पाणी, फिल्टरमध्ये काळा चिकटा. फिल्टर बदलला, ब्लीडिंगचा, म्हणजे डिझेलमधली हवा काढायचा, स्क्रू सैल केला. फेसाळ डिझेल येत राहिलं, बोटांवरून ओघळत राहिलं, मोबाईलचा उजेड धरणाऱ्या सूनबाईंचा हात थरथरत होता. फेस जाऊन सलग धार लागेपर्यंत स्क्रू आवळता येत नाही, आवळला तर परत हवा धरतं. घाई करण्यासारखं तिथं काही नसतं, आणि आतून तात्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. करवत ओल्या लाकडात अडकल्यासारखा. इंजिन हातानं फिरावं म्हणून डीकॉम्प्रेशनची कळ वर करून हँडल मारलं. तिसऱ्या की चौथ्या वेळी पेटलं. दहा वाजून गेले होते. पाच मिनिटांनी अॅम्ब्युलन्स आली.

तात्या दहा दिवस मिरजेत होते, घरी आले, आणि ऑगस्टात गेले. डॉक्टर म्हणाले, आजार वाढतच चालला होता. मी ते वाक्य बरेच दिवस खिशात ठेवून हिंडलो.

तेव्हाचा मी अजून वाद घालतो. म्हणतो, तीनशे रुपयांच्या सर्व्हिसिंगमध्ये अर्धा तास कोण देतं? लोकांना द्यायचा नसतो, तुझ्या एकट्यावर का? आणि मार्चमध्ये लोड टाकला असता तर बॅटरी पास झाली नसती कशावरून? दोन महिने होते मध्ये, त्यातही सेल जाऊ शकतो. जनरेटर महिन्यातून एकदा लोडवर चालवा म्हणून मी सांगितलं होतंच की. सगळं खरं आहे. मी त्याला उत्तर देऊ शकत नाही. एवढंच म्हणतो, तात्यांनी विचारलं होतं. इंजिनात आयुष्य गेलेल्या माणसानं नेमका तोच प्रश्न विचारला होता.

नदीकाठच्या गावभागातले लोक मला घाई करत नाहीत. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ च्या वर गेलं. वीज बंद, कित्येक घरांत दिवसचे दिवस. पन्नास किलोच्या वरच्या बॅटऱ्या दोघादोघांनी जिन्यावरून वर चढवल्या आणि त्यातल्या काही पहिल्याच संध्याकाळी बसल्या. ती माणसं आता स्टूल स्वतः आणून देतात.

तुमचीही एक बाजू आहे. परवाच माधवनगरात मी बॅटरी निम्मी उतरवून ठेवली आणि महावितरणची लाईट खरंच गेली, दोन तास. त्या वहिनींनी मला जे ऐकवलं त्याला माझ्याकडं जबाब नव्हता. ज्या घरी मशीनवरचा पेशंट आहे तिथं मी आता दुसरी बॅटरी रिक्षात घालून नेतो. तिचं भाडं कोण देणार, हे अजून ठरायचंय.

तात्यांच्या घरी दर दिवाळीआधी जातो. आता तिथं इन्व्हर्टरवर एक पंखा आणि टीव्ही आहे, लोड टाकून बघण्यासारखं काही नाही. तरी मी चार बल्ब लावतो आणि बसतो. काकी चहा आणतात, म्हणतात, “तुझ्यासारखं बारकाईनं कोण बघत नाही रे.” त्यांना मार्चमधलं ते “हो” अजून सांगितलेलं नाही.