एकदांडीचा दांडा: चार महिन्यांच्या क्लोज-अपची नोंद

या पावसाळ्यात फुलांच्या मागे न लागता केवळ खोडे, देठ आणि दांडे कॅमेऱ्याने जवळून टिपायचे, असे आषाढाच्या सुरुवातीलाच ठरवले होते. पुण्याच्या वेताळ टेकडीवर आठवड्यातून दोनदा सकाळी सातच्या आत पोहोचायचे आणि वारा सुटेपर्यंत काम करायचे, हा क्रम अश्विनापर्यंत बऱ्यापैकी पाळता आला. घाणेरीची चौकोनी, काटेरी फांदी, तेरड्याचे रसरशीत खोड आणि गवताची पेरे असे बरेच काही टिपले, परंतु यातले निम्म्याहून अधिक दिवस एकट्या एकदांडीने घेतले आणि त्याची मला अजिबात खंत नाही.

या झाडाला नावच दांड्यावरून मिळाले आहे. जमिनीलगत पसरलेल्या पानांतून वीतभर उंचीचा, पाने नसलेला एकच दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला मध्यभागी पिवळे, कडेला पांढुरके असे फूल बसते. कोणी याला दगडी पाला म्हणतात, कोणी कंबरमोडी. गुडघा फुटला की याच पाल्याचा रस चोळत असत, हे अनेकांना आठवत असेल. मूळचे उष्ण कटिबंधातील अमेरिकेतले हे तण आज आपल्याकडे प्रत्येक बांधावर आणि फुटपाथच्या फटीत दिसते, पण त्याचा दांडा किती दाट केसाळ आहे हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात ५० मि.मी.च्या साध्या लेन्सला १२, २० आणि ३६ मि.मी.च्या एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यापासून पुढे नेणाऱ्या पोकळ नळ्या, जोडून केली. तिन्ही मिळून ६८ मि.मी. होतात, म्हणजे वर्धन (सेन्सरवरची प्रतिमा मूळ वस्तूच्या किती पट, ते) जवळजवळ १.३६ पट मिळते आणि खर्चही कमी येतो. अडचण अंतराची होती. लेन्स दांड्याच्या इतकी जवळ न्यावी लागत असे की तिचीच सावली विषयावर पडे, आणि जरा हात हलला की पानावरचे पाणी सांडून चौकटीतले थेंब नाहीसे होत. श्रावणात एक जुनी १०० मि.मी.ची मॅक्रो लेन्स मिळाली. १:१ वर्धनाला, म्हणजे प्रतिमा वस्तूएवढीच पडते तेव्हा, तिच्या टोकापासून विषयापर्यंत १३ ते १५ सें.मी. मोकळे राहतात, आणि तेवढ्या जागेत प्रकाश नीट वळवता येतो.

खरा अभ्यास फोकसचा झाला. माझा कॅमेरा एपीएस-सी, म्हणजे सुमारे २३ मि.मी. रुंदीच्या सेन्सरचा आहे. १:१ वर्धनावर लेन्सचे छिद्र एफ ११ (आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान) ठेवले, तर सुस्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ०.९ मि.मी. जाडीचा असतो, आणि दांड्याची जाडी दीड मि.मी.च्या आसपास. ऑटोफोकस समोरचा पृष्ठभाग पकडत असे, त्यामुळे दांडा स्वच्छ येई, मात्र दोन्ही कडांना उभे राहिलेले केस पुसट येत. घरी येऊन कागदावर वर्तुळ काढले, तेव्हा कारण उमगले. कडेचे केस दांड्याच्या मध्यातून निघतात, म्हणजे समोरच्या पृष्ठभागापासून पाऊण मि.मी. मागे असतात आणि त्या पट्ट्याच्या बाहेर पडतात. त्यानंतर फोकस हाताने, आणि तोही कडेवरच्या केसाच्या बुडाशी धरू लागलो. समोरची साल किंचित मऊ दिसते, ते डोळ्याला खटकत नाही. केस पुसट असले, तर मात्र चित्रच उरत नाही.

दुसरी गोष्ट समांतरतेची. चौकटीची लांब बाजू दांड्याच्या दिशेने धरली, तर सुमारे २३ मि.मी. लांबी चित्रात येते. कॅमेरा पाच अंश जरी कलला, तरी दांड्याच्या दोन टोकांच्या अंतरात दोन मि.मी.चा फरक पडतो आणि एक टोक हातचे जाते. त्यातून एकदांडीचा दांडा सरळ कधीच नसतो. यावर मला सापडलेला उपाय असा, की झाडाभोवती हळूहळू फिरत राहावे आणि दांडा जिथून सर्वांत अधिक वाकलेला दिसेल, तिथे थांबावे. तिथून त्याचा बाक सेन्सरला समांतर असतो. जिथून तो सरळ भासतो, तिथून तो प्रत्यक्षात आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर झुकलेला असतो, आणि सुरुवातीचे दोन आठवडे मी नेमका तिथेच गुडघे टेकत होतो.

एफ १६ वरही प्रयोग केला. १:१ वर्धनाला ते परिणामी एफ ३२ इतके होते आणि विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, केसांची टोके बोथट दिसू लागतात, म्हणून ते सोडून दिले. फोकस स्टॅकिंगही, म्हणजे वेगवेगळ्या अंतरावर फोकस केलेल्या चौकटी एकत्र जोडणेही, करून पाहिले. पाव मि.मी.च्या टप्प्याने बारा चौकटी घेतल्या, परंतु केसावर केस आडवा आलेल्या प्रत्येक ठिकाणी जोडताना सावलीसारखी दुहेरी कड उमटली. गवताच्या पेराला जे उत्तम लागू पडते, ते इथे पडत नाही, असे माझे मत झाले आहे.

प्रकाशासाठी ट्रेसिंग पेपर लावलेला फ्लॅश दांड्याच्या मागून, थोडा बाजूला ठेवतो, आणि समोरून लग्नपत्रिकेचा पांढरा पुठ्ठा धरतो. समोरून प्रकाश टाकला, तर केस सालीत मिसळून जातात. मागून आला, तर प्रत्येक केस वेगळा उजळतो आणि त्याच्या बुडाचा फुगवटाही दिसतो. काळी छत्री वाऱ्याचा आडोसा म्हणूनही उपयोगी पडते आणि पार्श्वभूमी म्हणूनही.

सर्वांत समाधानाची चौकट अश्विनातली आहे. पहाटे दव पडले होते. फुलाच्या खाली बोटभर अंतरावर सात-आठ केसांच्या टोकांना मोहरीहून लहान थेंब लटकले होते, प्रत्येकात आकाश खाली आणि टेकडीची कड वर अशी उलटी दिसत होती. त्यांच्याखालून एक मुंगी केस बाजूला सारत वर निघाली होती. ती थेंबांपर्यंत पोहोचण्याआधी चार चौकटी मिळाल्या, त्यांपैकी तिसरीत केसही स्पष्ट आहेत आणि मुंगीचा पुढचा पायही.

तेरड्याचे खोड या वर्षी साधले नाही. लाल शाईच्या पाण्यात ठेवून शाळेत दाखवतात तेच हे पारदर्शक खोड. त्यातल्या वाहिन्या मागच्या प्रकाशात उमटायला हव्यात, पण माझा फ्लॅश एका जागी जाळल्यासारखा पांढरा डाग पाडतो. ट्रेसिंग पेपर फ्लॅशपासून आणखी दूर नेऊन त्याचा आकार दुप्पट करायचा विचार आहे. कुंडीत बी पेरून ठेवले आहे.