आजीच्या फडताळातलं भिरंडेल

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माझ्या भिरंडेलाची, म्हणजे कोकमाच्या बियांतल्या घट्ट तेलाची, डबी हातात घेतली की लोक हटकून म्हणतात, भिरंडेल तर आमच्या आजीच्या फडताळात असायचं, त्याचा धंदा तुम्हाला कसा सुचला?

सुचला तो आईच्या टाचांवरून. डिचोलीला आमच्या घरी मे महिन्यात भिरंडांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सोलं वाळत पडायची आणि भिरंडांच्या बिया मागे उरायच्या. त्या धुऊन, वाळवून, कुटून पाण्यात उकळायच्या. वर आलेलं तेल थिजलं की त्याचा अंड्याएवढा पांढुरका गोळा वळायचा. टाचांसाठी याच्या तोडीचं मी दुसरं काही पाहिलेलं नाही. पण गोळा दगडासारखा घट्ट. वितळायला चाळीस अंशांच्या आसपास ऊब हवी, म्हणजे दर वेळी दिव्यावर धरा, मग लावा. गुडघे धरल्यावर आईनं ते सोडूनच दिलं.

बोटानं निघेल इतपत मऊ करायचं, एवढंच मला हवं होतं. खोबरेल मिसळलं. जास्त झालं की मेच्या उकाड्यात डबीत तेल सुटायचं, कमी पडलं की जानेवारीत नख लागत नसे. प्रमाण बसवण्यात अख्खा हंगाम गेला. ते बसलं, तर मिश्रण रवाळ! बोटांत चोळलं की साखरेसारखे कण. मी बियांना दोष देत होते. खरं कारण सावकाश निवणं हे होतं. हळूहळू गार होताना आतल्या घट्ट चरबीचे मोठे कण जमतात. भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत राहिले आणि दाट होऊ लागताच ओतलं, तेव्हा पहिली डबी लोण्यासारखी निघाली. ती आईला दिली.

विकायचं म्हटल्यावर कळलं की सौंदर्यप्रसाधन बनवायला परवाना लागतो, घरच्या चुलीवरचा माल चालत नाही. म्हणून परवाना असलेल्या छोट्या कारखान्यात करून घेते. लेबलवर ‘भेगा बऱ्या होतात’ असंही लिहीत नाही. तसं लिहिलं की ते औषध ठरतं आणि नियम बदलतात. ‘टाचा मऊ राहतात’ एवढंच लिहिते. नक्कल होईल याची भीती? ‘भिरंडेल’ हा शब्द सगळ्यांचा आहे, त्यावर एकटीचा ट्रेडमार्क मिळत नाही. माझं आहे ते प्रमाण, आणि डबीवरचं नाव.

जाहिरातीवर पैसे घातले होते, फार काही हाती आलं नाही. मग बाजारात एक डबी उघडी ठेवू लागले. एका शुक्रवारी मासळी विकणाऱ्या एक मावशी थांबल्या. मिठाच्या पाण्यानं अंगठा उभा चिरलेला. मी बोटभर लावून दिलं, पैसे घेतले नाहीत. पुढच्या शुक्रवारी त्या आल्या त्या शेजारच्या तिघींना घेऊन, आणि माझ्याआधी त्यांनीच डबी उघडून तिघींच्या हातांवर लावायला सुरुवात केली.