डबेवाल्यांच्या गावची जत्रा आणि माझा कॅमेरा

मुंबईचे डबेवाले वर्षातून एकदा सगळे मिळून सुट्टी घेतात, चैत्रात, गावाकडच्या जत्रांसाठी. साधारण आठवडाभर डबे बंद. पेपरात आत कुठेतरी छोटी बातमी येते, ऑफिसवाले कुरकुरत कँटीनला जातात आणि विषय संपतो. माझ्या बाबांचा डबा कित्येक वर्षं याच लोकांकडून जायचा, तरी ही माणसं जातात कुठे हा प्रश्न आमच्या घरात कधी कोणाला पडला नव्हता. यंदा कॉलेजला (अप्लाइड आर्ट, शेवटचं वर्ष, फोटोग्राफी) प्रोजेक्टसाठी 'शहर आणि गाव' असा मोघम विषय मिळाला, वर्गातले निम्मे धोबीघाट नाहीतर कोळीवाड्याकडे पळाले, उरलेले कोणाच्या तरी मामाच्या शेतावर, आणि मला वाटलं की दोन जागांचे फोटो शेजारी शेजारी चिकटवून काय होणार, त्यापेक्षा एकच माणूस दोन्हीकडे कसा दिसतो ते बघू.

तर आधी चर्चगेट. सकाळी अकरा-साडेअकराला स्टेशनबाहेर उभं राहिलात की लगेजच्या डब्यातून उतरलेले लांबलचक ट्रे डोक्यावर येताना दिसतात, ते फुटपाथवर उतरतात आणि मग डब्यांची वाटणी. झाकणावर रंगाने लिहिलेलं असतं, कुठून निघाला, कुठल्या स्टेशनला उतरायचा, कुठली बिल्डिंग, कितवा मजला. काही आकडे, दोन-चार अक्षरं, बास. नाव नाही, पत्ता नाही. 1890 पासून हा धंदा चालू आहे, महादू हावजी बच्चे यांनी सुरू केला, आणि तेव्हापासून यातली बहुतेक माणसं पुणे जिल्ह्याच्या त्याच पट्ट्यातली, खेड, मावळ, जुन्नर, आंबेगाव, मुळशी. एक जण आला की भावाला आणतो, भाऊ मेव्हण्याला.

फोटोच्या दृष्टीने सांगायचं तर पांढरी टोपी हा एक वैताग आहे. भर उन्हात टोपी एकदम पांढरीफटक जळते आणि खाली चेहरा काळाठिक्कर. टोपी वाचवायला एक्सपोजर खाली आणलं तर चेहरा गेला, चेहरा धरला तर टोपीचा नुसता पांढरा डाग. शेवटी मी पार स्टेशनच्या छताखाली सरकले, जिथे बाहेरचा उजेड बाजूने येतो, तिथे दोन्ही जमतं. शटर 1/15 ठेवून पॅनिंग केलं, म्हणजे चालत्या माणसाबरोबर कॅमेरा फिरवत फोटो, मागची बस, झाडं सगळं फराटे होऊन जातं आणि ट्रे तेवढा शार्प. मस्त फोटो आले, पण घरी येऊन लॅपटॉपवर बघितलं तर सगळ्या पाठी, हात, पायातल्या चपला आणि टोप्या. चेहरा असा नाहीच. आणि ते बरोबरच आहे, कारण तिथे कोणी थांबतच नाही.

थांबायला सांगून बघितलं. तिथल्या डबेवाल्यांच्या गटाचे प्रमुख, मुकादम काका, त्यांनी सरळ सांगितलं, "हे बघ पोरी, एक थांबला की मागचे धा थांबत्यात. ऑफिसातला साहेब एक वाजता डब्याची वाट बघतोय, त्याला काय सांगू, फोटो काढीत होतो?" तसे कॅमेरे यांना नवीन नाहीत, 2003 मध्ये प्रिन्स चार्ल्स चर्चगेटला येऊन भेटून गेले, त्यानंतर तर जगभरातले लोक येतात आणि सगळ्यांना तोच डोक्यावर ट्रे घेतलेला फोटो हवा असतो. मी पण तोच काढत होते म्हणा. मग काकाच म्हणाले, "चेहरेच पायजेत ना तुला? मग जत्रंला ये गावाला. तिथं कुनाला घाई नसती."

आईची परवानगी हा वेगळा अध्याय, तो सोडून देते.

ट्रेनने तळेगावला उतरले, तिथून चाकण, चाकणहून एसटीने राजगुरुनगर. तळेगाव-चाकण रस्त्याचं ट्रॅफिक ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको, कंटेनरच्या मागे कंटेनर, कंपन्यांच्या बसेस, मधूनच कांद्याचे ट्रॅक्टर. मी खिडकीतून कंटेनर आणि ट्रॅक्टर एका फ्रेममध्ये पकडायचा प्रयत्न करत होते आणि शेजारच्या आजी माझ्या लेन्सचं झाकण सांभाळत होत्या. राजगुरुनगरला अजून सगळे खेडच म्हणतात, कंडक्टरसुद्धा. हुतात्मा राजगुरूंचं हे जन्मगाव, भीमेच्या काठावर त्यांचा वाडा आहे, तो येताना बघितला. तिथून पुढे वडाप, म्हणजे शेअर जीप. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, काकांनी तसं सांगितलंय, नाहीतर पुढच्या वर्षी पन्नास कॅमेरे येतील.

एप्रिलमधला तो भाग हिरवागार वगैरे अजिबात नसतो, पावसाळ्यातले रील बघून गेलात तर फसाल. डोंगर पिवळे, ओढे कोरडे, फक्त पाण्याची सोय आहे तिथे पट्टे हिरवे. कांदा काढणी चालू होती. जत्रेच्या दिवशी सुद्धा पहाटे बायका रानात बसून कांदा कापत होत्या, पात एकीकडे, कांदा एकीकडे, ढिगावर ऊन लागू नये म्हणून परत तीच पात पसरायची. हात थांबत नव्हते. चर्चगेटला बघितलेला वेग मला इथे फक्त या बायकांच्या हातात दिसला, पुरुष मंडळी तोपर्यंत पारावर फेट्याचा रंग ठरवत होती. हे मी काकूंना बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "मग? ते दमून आल्यात ना मुंबैहून." उपरोधाने म्हणाल्या की खरंच, ते मला कळलं नाही.

काकू मासवडी करत होत्या. काका माळकरी, पंढरीची वारी करणारे, त्यामुळे जत्रेत अख्ख्या गावात मटण शिजत असताना यांच्या घरी मासवडी. नाव मासवडी पण माशाचा काही संबंध नाही, सगळा बेसनाचा कारभार. बेसन उकळत्या पाण्यात घोटून घोटून गोळा करायचा, ओल्या फडक्यावर थापायचा, त्यावर तीळ, सुकं खोबरं, लसूण, कांदा असं भाजून कुटलेलं सारण, मग फडक्यासकट दुमडून माशासारखा लांबट आकार आणि सुरीने वड्या. सोबत झणझणीत काळा रस्सा आणि बाजरीची भाकरी. स्वयंपाकघरात एकच दार, उजेड तेवढ्यातूनच, 50 एमएम लेन्स पूर्ण उघडी टाकून, आयएसओ 1600 करून मी कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसले. काकू फडकं दुमडतात तेव्हा दोन्ही अंगठे कडेने दाबत नेतात, आणि वाफ त्या दारातल्या उजेडात वर जाते. फडक्याच्या विणीचे ठसे वडीवर उमटलेले दिसतात, इतकं जवळून. प्रोजेक्टमधला माझा सगळ्यात आवडता फोटो तोच आहे, आणि त्यात काकूंचा चेहरा नाहीये, त्यावरून नंतर बरंच ऐकून घ्यावं लागलं.

कारण गावात फोटो म्हणजे चेहरा. संध्याकाळी अंगणात सगळे जमले, काका आत जाऊन धुतलेला शर्ट आणि गुलाबी फेटा घालून आले. मी म्हटलं काका टोपी? तर म्हणे, "ती ड्युटीवर. नाय घातली तर दंड हाय. हितं कशाला?" खरं सांगते, टोपीशिवाय मी त्यांना ओळखलंच नसतं. मग खुर्च्या आल्या, काका-काकू मध्ये, मागे मुलगा, सून, पुतणे, खाली पोरं, एका पोराने शेळीचं करडू उचलून आणलं, सगळे एकदम ताठ, हात मांडीवर, हसू बंद. आम्हाला कॉलेजात तीन वर्षं शिकवलंय की पोज नको, कॅन्डिड घ्या, माणूस बेसावध असताना खरा दिसतो. मला आता हे पटत नाही. बेसावध माणूस आपल्याला सोयीचा असतो एवढंच. या लोकांचे बेसावध फोटो जगभर गेलेत, ट्रेखाली मान दबलेले, घामाने भिजलेले, आणि ते त्यांना कोणी विचारून काढले नाहीत. इथे त्यांनी स्वतः ठरवलं कुठला शर्ट, कोण कोणाशेजारी, करडू पाहिजे की नको. त्या फोटोत काका जितके काकांसारखे दिसतात तितके चर्चगेटच्या कुठल्याच फ्रेममध्ये दिसत नाहीत. मग अख्ख्या आळीने फोटो काढून घेतले, रांग लावून.

पुतण्यांपैकी एकही डब्याच्या धंद्यात नाही. दोघं चाकणला कंपनीत, एक पिकअप चालवतो. कोविडमध्ये लोकल बंद पडल्या तेव्हा सगळे गावाला येऊन बसले होते, त्यातले बरेच परत गेलेच नाहीत. ऑफिसंच घरी आली तर डबा कोणाला नेणार. "माझ्यानंतर आमच्या घरातला डबा बंद," काका म्हणाले, तेही करडाला कुरवाळत, काही विशेष दुःख वगैरे न दाखवता. मुलाने लगेच विषय बैलांवर नेला.

बैलगाडा! यासाठी तर मुलगा मुंबईची नोकरी सोडून आला असता. सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये शर्यती बंद केल्या होत्या, 2021 च्या डिसेंबरमध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि 2023 मध्ये घटनापीठाने शिक्कामोर्तब केलं, ती तारीख गावातल्या पोरांना बोर्डाच्या निकालापेक्षा जास्त पाठ आहे. या भागातली शर्यत घाटात होते, म्हणजे चढाची तयार केलेली धावपट्टी. पुढे घोडी, तिच्यामागे जुकाटाची जोडी, त्यामागे धुरेची जोडी, गाडा नावालाच, वर कोणी बसत नाही. एक बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, दहा-बारा सेकंदांत खल्लास. स्पीकरवाला "झाऽली... भिर्रर्र" करून बेंबीच्या देठापासून ओरडतो आणि भंडारा उधळला जातो, की समोर सगळं पिवळं. मी मित्राची मोठी टेलि लेन्स मागून आणली होती, 1/1600 शटर, प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून, तरी हळद आत शिरलीच, झूम रिंग अजून करकरते. (मित्रा, तू हे वाचत असशील तर सर्व्हिसिंगचे पैसे देणार आहे.)

घाटाजवळ बाई अशी मी एकटीच. दोनदा तीनदा "ताई, मागं व्हा, गाडा फाकला तर अंगावर येतोय" असं ऐकलं, आणि ते काळजीनेच होतं, कारण बैल खरंच रेषा सोडून गर्दीत घुसतात. बैलांबद्दल माझं मत पक्कं झालेलं नाही. गोठ्यात त्यांना जी वागणूक मिळते, खुराक काय, अंघोळ काय, ती मी बघितली, काकांच्या मुलाने स्वतःसाठी कधी एवढा खर्च केला नसेल. आणि सुटायच्या रेषेवर त्यांचे डोळे कसे होतात ते पण लेन्समधून बघितलं. दोन्ही फोटो ठेवलेत.

रात्री तमाशा होता. गावाने पाडव्याला नारायणगावला जाऊन सुपारी ठरवली होती, तिथे एसटी स्टँडजवळ फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी येऊन तारखा ठरवतात. रात्रीच्या खेळाला मला कोणी पाठवेना, काकूंनी तर विषयच काढू दिला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी असते, म्हणजे उजेडातला खेळ, त्याला बायापोरं सगळी जातात. रात्रभर नाचून, दोन-तीन तास ट्रकमध्ये झोपून फडातल्या बायकांनी परत पायात चाळ बांधलेले. मी आधी मागे कनातीत गेले, एक ताई आरशाचा तुकडा तंबूच्या बांबूला अडकवून पावडर लावत होत्या, घामाने ती गळ्यावरून ओघळत होती. मी कॅमेरा वर केला तर म्हणाल्या, "थांब. आधी कुंकू लावू दे, मग काढ." थांबले. कुंकू लागलं, गजरा सरळ झाला, पदर खोचला, मग त्यांनी मान थोडी तिरकी केली आणि म्हणाल्या, हां आता. ढोलकीवाला मागून ओरडत होता की गण सुरू करायचाय, तरी त्यांनी दुसरा फोटो काढायला लावला, पहिल्यात डोळे मिटले असतील म्हणून. मिटले नव्हते.

कॉलेजात सबमिशन झालं. सरांना चर्चगेटचं पॅनिंग आवडलं आणि मासवडी आवडली, अंगणातले खुर्च्यांवरचे फोटो "जरा स्टुडिओ छाप" वाटले. मी ते प्रोजेक्टमधून वगळले नाहीत, मार्क गेले तर जाऊ देत.

गावाकडे प्रिंट पाठवल्या, 8 बाय 12 च्या, मॅट. मुलाचा फोन आला की ग्लॉसी का नाही काढल्या, चमकत नाहीत. आणि बैलांचा फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट करून पाठव, साधा पाठवला तर फ्लेक्सला फाटतो. पाठवला. आठ दिवसांनी त्याने फ्लेक्सचा फोटो पाठवला, चौकात लावलेला. माझी आडवी फ्रेम उभी कापलेली, मागचा डोंगर काढून तिथे वीज कडाडतेय, चारातले दोनच बैल उरलेत, खाली शुभेच्छुकांचे अकरा गोल चेहरे, त्यात गुलाबी फेट्यातले काका. तो अंगणातलाच फोटो. माझं नाव कुठेच नाही पण काका काय दिसतायत!

मुलाचा निरोप आहे की पुढच्या जत्रेला ड्रोन घेऊन ये, घाट वरून लई भारी दिसतो. ड्रोन भाड्याने कितीला पडतो आणि परवानगी कोणाकडून घ्यावी लागते, कोणी केलं असेल तर सांगा.